फोन वाजतो, आवाज मात्र हरवतो

इंटरनेटवरून चालणारी दूरध्वनी यंत्रणा बसवणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात एका चमत्कारिक अनुभवाला तोंड द्यावे लागते. घंटी वाजते, माणूस फोन उचलतो, ‘हॅलो, हॅलो’ म्हणत राहतो. पलीकडच्याला त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत असतो. याच्या कानावर मात्र पलीकडचा एक शब्दही पडत नाही. मग यंत्र बदलले जाते, वायर बदलली जाते, इंटरनेट पुरवणाऱ्याकडे वेग वाढवून मागितला जातो. तक्रार तशीच राहते. कारण दोष यंत्रात नसतो आणि वेगातही नसतो. तो असतो पत्त्यात. इंटरनेटवरील पत्त्यांच्या ज्या अदलाबदलीला ‘नेटवर्क अॅड्रेस ट्रान्सलेशन’ किंवा थोडक्यात ‘नॅट’ म्हणतात, तिची नीट मांडणी न केल्याचा हा परिणाम होय.

पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत हे काम सांभाळणारा जाणकार हाताशी असतो. केजसारख्या गावात तो असेलच असे नाही. बीड जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण. मांजरा धरणाचे धनेगाव याच तालुक्यात येते. बाजारपेठ, दवाखाने, पतसंस्था, कृषी सेवा केंद्रे यांची येथे वर्दळ असते. ऊसतोडणीच्या हंगामात या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, तर शिकलेली पिढी नोकरीसाठी पुणे गाठते. ज्या गावाची निम्मी माणसे बाहेर असतात, त्या गावाला फोनचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. आणि गावाकडच्या दवाखान्याला किंवा दुकानाला अशी यंत्रणा घेऊन देणारा बहुधा शहरात राहणारा मुलगा, पुतण्या किंवा भाचाच असतो. शहरातल्या कार्यालयात चाललेली मांडणी तो जशीच्या तशी गावी नेतो आणि तेथेच फसतो. ती का फसते आणि काय केले असता फसत नाही, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पत्त्यांचा तुटवडा

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. आजही सर्वत्र प्रचलित असलेल्या चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत, म्हणजे ‘आयपीव्ही-४’मध्ये, असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. ही पद्धत आखली गेली तेव्हा ही संख्या अफाट वाटली होती. नव्वदीच्या दशकात इंटरनेट घराघरांत शिरू लागले तेव्हा पत्ते पुरणार नाहीत, हे स्पष्ट झाले. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस या दोघांनी एक तोडगा मांडला. एका संस्थेतील सर्व संगणकांनी आपसात खासगी पत्ते वापरावेत आणि बाहेर पडताना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांवर काम भागवावे, असा तो तोडगा होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी वापरासाठीचे पत्ते कायमचे राखून ठेवण्यात आले. १० पासून सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यातील आणि १९२.१६८ पासून सुरू होणारे पत्ते ते हेच. आपल्या घरातील राउटरवर १९२.१६८.१.१ हा आकडा अनेकांनी पाहिलेला असतो. तो लाखो घरांत एकाच वेळी वापरात असतो, कारण त्याला उंबरठ्याबाहेर काहीही अर्थ नसतो.

मांडणाऱ्यांच्या दृष्टीने हा अल्पकालीन उपाय होता. परंतु तात्पुरती म्हणून बांधलेली पत्र्याची खोली जशी पुढे वीस-पंचवीस वर्षे उभी राहते, तसेच येथे झाले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे मोठे गट वाटून संपले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठाही अखेरच्या टप्प्यावर आला. म्हणजे भारतात स्वस्त इंटरनेटची लाट येण्याआधीच पत्ते संपत आले होते. जे प्रदेश उशिरा जोडले गेले, त्यांच्या वाट्याला साहजिकच पत्त्यांची टंचाई आली. केजमधील अडचणीचे मूळ येथे आहे.

देवडीवरचा कारकून

नॅटचे काम समजण्यासाठी जुन्या वाड्याची कल्पना करावी. वाड्यात पन्नास माणसे राहतात, पण बाहेरच्या जगाला ठाऊक असलेला पत्ता एकच. देवडीवर एक कारकून बसलेला आहे. आतून एखाद्याने पत्र पाठवले की कारकून पाकिटावरील आतल्या खोलीचा क्रमांक खोडतो, तेथे वाड्याचा पत्ता आणि एक टोकन क्रमांक लिहितो, आपल्या वहीत ‘टोकन अमुक म्हणजे माडीवरची तिसरी खोली’ अशी नोंद करतो आणि पत्र रवाना करतो. उत्तर त्या टोकनासह आले की वही पाहून ते योग्य खोलीत पोहोचते. आपला राउटर हेच करतो. टोकनाच्या जागी ‘पोर्ट’ नावाचा क्रमांक असतो, एवढाच फरक.

या कारकुनाचे दोन स्वभाव लक्षात ठेवावेत. पहिला असा की, ज्याची वहीत नोंद नाही असे बाहेरून आलेले पत्र तो केराच्या टोपलीत टाकतो. दुसरा असा की, काही काळ ये-जा झाली नाही तर तो नोंद खोडून टाकतो. हा काळ काही राउटरवर अर्ध्या मिनिटाचा, तर काहींवर दोन-पाच मिनिटांचा असतो. संकेतस्थळ पाहणे, ई-मेल वाचणे या कामांत संवादाची सुरुवात नेहमी आतून होते, त्यामुळे या स्वभावांचा त्रास जाणवत नाही. फोनची गोष्ट वेगळी आहे. फोन बाहेरूनही येतो, आणि तो केव्हा येईल हे आधी ठाऊक नसते.

पाकिटावर एक, पत्रात दुसरेच

इंटरनेट फोनचे काम दोन स्वतंत्र वाहिन्यांत विभागलेले असते. घंटी वाजवणे, फोन उचलल्याचे कळवणे, संवाद संपवणे ही निरोपांची देवाणघेवाण ‘सिप’ नावाच्या नियमावलीनुसार होते. तिची पहिली आवृत्ती मार्च १९९९ मधली आणि आजही आधारभूत मानली जाणारी आवृत्ती जून २००२ मधली. हे निरोप बहुधा ५०६० या पोर्टवरून जातात. प्रत्यक्ष आवाज मात्र ‘आरटीपी’ या दुसऱ्या पद्धतीने, वेगळ्या पोर्टवरून वाहतो. प्रत्येक दिशेला सेकंदाला साधारण ५० छोटी पॅकेट, प्रत्येकात वीस मिलिसेकंदांचा आवाज. हा आवाज कोठे पाठवायचा, हे सिपच्या निरोपाच्या आत लिहिलेले असते.

घोटाळा येथेच होतो. समजा, केजमधील एका दवाखान्यात इंटरनेट फोनचे एक्स्चेंज बसवले आहे आणि त्याचा आतला पत्ता १९२.१६८.१.५० आहे. रात्री एका रुग्णाच्या नातेवाइकाचा फोन येतो. एक्स्चेंज पलीकडच्या सेवादात्याला निरोप पाठवते, ‘फोन उचलला आहे, आवाज १९२.१६८.१.५० या पत्त्यावर पाठवा.’ देवडीवरचा कारकून पाकिटावरचा पत्ता बदलतो, पण पाकीट फोडून आतला मजकूर तो वाचत नाही. पलीकडचे यंत्र पत्रात लिहिल्याबरहुकूम आवाज त्या खासगी पत्त्याकडे रवाना करते. तो पत्ता जगात लाखो ठिकाणी आहे आणि म्हणूनच कोठेही नाही. आवाज वाटेतच विरतो. उलट दिशेने, दवाखान्यातून सेवादात्याकडे जाणारा आवाज व्यवस्थित पोहोचतो, कारण सेवादात्याचा पत्ता सार्वजनिक असतो. परिणामी नातेवाइकाला परिचारिकेचे ‘हॅलो’ ऐकू येते. रुग्णाला काय होते आहे हे तो सांगत असतो, ते मात्र तिला ऐकू येत नाही.

पाकीट आणि पत्र यांवरील पत्त्यांत पडलेले हे अंतर ध्यानात आले, की नॅटविषयीच्या उरलेल्या साऱ्या खटाटोपाचा अर्थ लागतो. पत्रातही खरा, बाहेरून पोहोचता येईल असाच पत्ता लिहिला जावा आणि कारकुनाच्या वहीतील नोंद पुसली जाऊ नये, या दोनच गोष्टी साधायच्या असतात.

लक्षणांवरून निदान

अनुभवी वैद्य जसा नाडीवरून आजार ओळखतो, तसा येथेही लक्षणांवरून दोष ओळखता येतो.

आवाज एकाच बाजूने येत असेल, तर पत्रातील आवाजाचा पत्ता चुकीचा आहे किंवा आवाजाची पोर्ट बंद आहेत.

संवाद सुरळीत चालू असताना सुमारे ३२ सेकंदांनी तुटत असेल, तर उत्तर मिळाल्याची पोच परत येत नाही. फोन उचलल्याचा निरोप पाठवणारे यंत्र पलीकडून पोच येण्याची वाट पाहते. सिपच्या नियमांत ही मुदत अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद धरलेली आहे. तेवढ्यात पोच आली नाही तर यंत्र संवाद संपवते. पोच न येण्याचे कारण पुन्हा तेच असते: ती खासगी पत्त्याकडे धाडली गेलेली असते.

यंत्रणा सुरू केल्यावर थोडा वेळ फोन येतात आणि मग येईनासे होतात, पण इथून फोन लावला की पुन्हा येऊ लागतात, असे होत असेल तर वहीतील नोंद पुसली जात आहे.

आतल्या आत, म्हणजे तपासणी खोलीतून औषधांच्या खिडकीवर, फोन चांगला लागतो आणि बाहेरच्याशीच अडचण येते, तर यंत्रे निर्दोष आहेत. पाहायचे ते देवडीकडे.

खरेदीपूर्वी विचारायचा प्रश्न

मांडणीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट तपासणे अगत्याचे आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन’ या शीर्षकाखाली त्याचा बाहेरचा पत्ता दिसतो. ‘माझा आयपी पत्ता कोणता’ हे सांगणारी संकेतस्थळेही आहेत. दोन्हीकडील आकडे एकच असतील तर आपल्या राउटरला खरा सार्वजनिक पत्ता मिळालेला आहे. राउटरवर १० पासून सुरू होणारा किंवा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील पत्ता दिसत असेल, तर आपल्या देवडीबाहेर आणखी एक मोठी देवडी आहे, असे समजावे. एप्रिल २०१२ मध्ये हा १००.६४ चा पट्टा खास इंटरनेट सेवादात्यांच्या अशाच वापरासाठी राखून ठेवण्यात आला. एकेका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवण्याच्या या पद्धतीला ‘कॅरियर ग्रेड नॅट’ म्हणतात. मोबाइलच्या डेटावर आणि गावोगावच्या लहान केबल-इंटरनेट जोडण्यांवर ती सर्रास आढळते.

शहरातली मांडणी गावी फसते ती याच ठिकाणी. पुण्यातील कार्यालयाने जादा पैसे मोजून स्थिर सार्वजनिक पत्ता घेतलेला असतो. तेथे राउटरमध्ये दार उघडले की ते खरोखर रस्त्यावर उघडते. गावातील जोडणीवर तेच दार उघडले तर ते दुसऱ्या वाड्याच्या चौकात उघडते आणि त्या वाड्याची किल्ली आपल्याजवळ नसते. म्हणून यंत्रे विकत घेण्यापूर्वी इंटरनेट पुरवणाऱ्याला सरळ विचारावे, ‘आम्हाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळेल काय, तो स्थिर असेल काय आणि त्याचे वर्षाला किती पैसे पडतील?’ या प्रश्नाच्या उत्तरावर पुढील सारी मांडणी ठरते.

सार्वजनिक पत्ता असेल तर

आता प्रत्यक्ष मांडणी. लहान कार्यालयांतून ‘अॅस्टरिस्क’ ही मुक्त आज्ञावली किंवा तिच्यावर बेतलेली एक्स्चेंज मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. अमेरिकेतील मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ती लिहिली. पुढील पायऱ्या तिला धरून दिल्या असल्या तरी इतर यंत्रणांतही नावे बदलून याच गोष्टी आढळतील.

पहिली पायरी म्हणजे एक्स्चेंजचा आतला पत्ता कायम करणे. राउटर दर वेळी नवा पत्ता वाटत असेल, तर उघडलेले दार उद्या भलत्याच खोलीकडे जाईल.

दुसरी पायरी राउटरमधील ‘सिप एएलजी’ ही सोय बंद करण्याची. कारकुनाने पाकीट फोडून आतला पत्ताही दुरुस्त करावा, या सद्हेतूने ही सोय दिलेली असते. प्रत्यक्षात अनेक स्वस्त राउटरमध्ये ती अर्धवट लिहिलेली असते. एक ओळ सुधारते आणि दुसरी बिघडवते. एक्स्चेंज स्वतः योग्य पत्ता लिहिणार असेल तर या मध्यस्थाची गरज उरत नाही. एकतर्फी आवाजाच्या कित्येक तक्रारी एवढी एक खूण काढल्याने मिटतात.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. एक्स्चेंजला त्याचा बाहेरचा पत्ता सांगावा लागतो. अॅस्टरिस्कच्या नव्या आवृत्त्यांत निरोपांसाठी आणि आवाजासाठी बाहेरचा पत्ता लिहिण्याच्या दोन वेगळ्या जागा आहेत, दोन्ही भराव्यात. समजा तो २०३.०.११३.२५ असेल, तर एक्स्चेंज बाहेर जाणाऱ्या पत्रांत १९२.१६८.१.५० ऐवजी हा आकडा लिहू लागते. त्याच्याच जोडीला आतले जाळे कोणते, हेही नोंदवावे लागते. ही नोंद राहिली तर एक्स्चेंज शेजारच्या खोलीतल्या फोनलाही बाहेरचा पत्ता देते आणि आजवर व्यवस्थित चाललेले आतले फोन मुके होतात. जुन्या लेखांत सापडणारी ‘नॅट बरोबर येस’ ही ओळ आता शोधत बसू नये. ती ज्या जुन्या भागात होती तो भाग २०२३ मधील एकविसाव्या आवृत्तीपासून अॅस्टरिस्कमधून काढून टाकण्यात आला आहे.

चौथी पायरी राउटरमध्ये दारे उघडण्याची. अॅस्टरिस्कच्या मूळ मांडणीत आवाजासाठी १०,००० ते २०,००० ही पोर्ट धरलेली असतात. दहा खोल्यांच्या दवाखान्याला एवढ्या दारांची काय गरज? एका संवादाच्या एका बाजूला दोन पोर्ट लागतात. १०,००० ते १०,१०० एवढा पट्टा एक्स्चेंजमध्ये ठरवून तेवढाच राउटरमध्ये उघडला तरी पुष्कळ झाले. दोन्ही ठिकाणचे आकडे तंतोतंत जुळावेत, एवढे मात्र पाहावे. निरोपांचे ५०६० हे पोर्ट उघडावे लागलेच, तर ते फक्त आपल्या सेवादात्याच्या पत्त्यापुरतेच उघडावे.

पाचवी पायरी बाहेरच्या फोनसाठी. डॉक्टर अंबाजोगाईला गेले असता त्यांच्या मोबाइलवर दवाखान्याचाच अंतर्गत क्रमांक वाजावा, अशी अपेक्षा असेल तर त्यांचा मोबाइलही कोठल्या तरी नॅटच्या मागे असणार, हे गृहीत धरावे लागते. अशा फोनसाठी एक्स्चेंजला तीन सूचना देतात. पत्रात लिहिलेल्या पत्त्यापेक्षा पाकिटावरच्या पत्त्यावर विश्वास ठेवावा. आवाज ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत पाठवावा. आणि दोन फोनना परस्पर जोडून न देता आवाज स्वतःमधून फिरवावा. ऑगस्ट २००३ मध्ये सिपला जोडलेली ‘आरपोर्ट’ ही सोय पहिल्या सूचनेचाच भाग आहे. शेवटच्या सूचनेमुळे इंटरनेटवर थोडा भार वाढतो. नेहमीच्या दर्जाच्या एका संवादाला प्रत्येक दिशेला ८० ते ९० किलोबिट प्रतिसेकंद पुरतात, त्यामुळे आजच्या फायबर जोडणीवर तो भार नगण्य होय.

सहावी पायरी नोंद जिवंत ठेवण्याची. दर २५ ते ३० सेकंदांनी एक लहानसा निरोप इकडून तिकडे गेला की कारकुनाच्या वहीतील नोंद पुसली जात नाही. बहुतेक फोनमध्ये ‘कीप अलाइव्ह’ या नावाने ही सोय असते. मोबाइलवर तिच्यामुळे बॅटरी अधिक खर्च होते.

सार्वजनिक पत्ता नसेल तर

केजमधील अनेकांसाठी हाच विभाग कामाचा ठरेल. दोन देवड्यांच्या मागे बसून बाहेरच्याला आत बोलावता येत नाही. परंतु आतून बाहेर केव्हाही जाता येते. म्हणून मांडणी उलटी करावी.

एक मार्ग असा की, एक्स्चेंज दवाखान्यात न ठेवता मुंबई किंवा अन्य शहरातील डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या सर्व्हरवर ठेवावे. त्याला सार्वजनिक पत्ता आपोआप मिळतो. केजमधील सर्व फोन स्वतःहून त्याच्याशी जोडले जातात, नोंद जिवंत ठेवतात आणि बाहेरून आलेला फोन त्याच उघड्या वाटेने आत येतो. गावातील राउटरमध्ये एकही दार उघडावे लागत नाही. यातली उणीव अशी की, इंटरनेट बंद पडले की शेजारच्या खोलीतील फोनही बंद पडतो.

दुसरा मार्ग एक्स्चेंज गावातच ठेवून त्याच्यापासून अशा भाड्याच्या सर्व्हरपर्यंत ‘व्हीपीएन’चा बंद बोगदा काढण्याचा. बाहेरचे फोन त्या सर्व्हरवर येतात आणि बोगद्यातून गावी पोहोचतात. इंटरनेट गेले तरी आतले फोन चालू राहतात. दवाखान्यासाठी हा मार्ग अधिक योग्य वाटतो.

व्हॉट्सअॅपवरचे बोलणे याच जोडणीवर निर्वेध चालते, मग आमचेच का नाही, असा प्रश्न अनेक जण विचारतात. त्याचे उत्तरही येथेच आहे. अशा सेवा चालवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःचे मध्यस्थ सर्व्हर जगभर उभे केलेले असतात. दोन मोबाइलना थेट बोलता आले नाही तर आवाज त्या मध्यस्थामार्फत फिरवला जातो. आपला बाहेरचा पत्ता विचारून घेण्याची ‘स्टन’ ही पद्धत मार्च २००३ मध्ये आली. मध्यस्थामार्फत आवाज फिरवणारी ‘टर्न’ आणि उपलब्ध वाटांतून चांगली वाट निवडणारी ‘आइस’ या पद्धती एप्रिल २०१० मध्ये प्रमाणित झाल्या. ब्राउझरमधून चालणारे बोलणे याच तिघींच्या आधारावर उभे आहे. आपल्या दवाखान्याला हा मध्यस्थ आपणच पुरवायचा आहे, एवढेच.

कायमचा उपाय सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांचा. ‘आयपीव्ही-६’मध्ये पत्त्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की प्रत्येक फोनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि देवडीवरच्या कारकुनाची गरजच संपते. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या जिओच्या जाळ्याने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली आणि तिच्या वापरात भारत आज जगात आघाडीवर आहे. विशेष म्हणजे आपल्या मोबाइलवरील ‘व्होल्टी’चा रोजचा फोनही सिपच्याच निरोपांवर चालतो. म्हणजे इंटरनेट फोन ही केजला नवी वस्तू नाही. तो प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याची व्यवस्था मोबाइल कंपनी पाहते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. अर्थात आपला फोन सेवादाता आणि आपली यंत्रे दोन्ही सहाव्या आवृत्तीला तयार असल्याशिवाय चौथीचा संसार सोडता येत नाही.

उघडे दार आणि कायदा

‘काही केल्या चालत नाही’ म्हणून वैतागलेला माणूस शेवटी राउटरमधील सगळी दारे उघडून टाकतो. फोन लगेच चालू होतो आणि समाधानही वाटते. हा सर्वांत महागडा उपाय आहे. इंटरनेटवर ५०६० हे पोर्ट उघडे दिसले की ते शोधत फिरणाऱ्या आज्ञावली परवलीचे शब्द चाचपून पाहू लागतात. ‘१०१’ या क्रमांकाचा परवलीचा शब्दही ‘१०१’ असेल, तर रातोरात परदेशातील महागड्या क्रमांकांवर फोन लावले जातात आणि बिल एक्स्चेंजच्या मालकाच्या नावे येते. म्हणून परवलीचे शब्द लांब आणि अर्थहीन असावेत, परदेशी फोनची सोय गरज नसेल तर सेवादात्याकडेच बंद करून घ्यावी, आणि वारंवार चुकीचा शब्द देणाऱ्या पत्त्याला रोखणारी आज्ञावली चालू ठेवावी.

कायद्याची मर्यादाही ओलांडू नये. भारतात इंटरनेट फोनला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. देशांतर्गत साध्या फोनला तो जोडण्यास तेव्हा मुभा नव्हती. ऑक्टोबर २०१७ मधील ‘ट्राय’च्या शिफारशींनंतर जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांसाठी ही वाट मोकळी केली आणि जुलै २०१८ मध्ये बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली. आज परवानाधारक कंपनीकडून सिपची जोडणी रीतसर घेता येते. मात्र सिमकार्डांची पेटी बसवून इंटरनेटवरून आलेले परदेशी फोन स्थानिक म्हणून पुढे ढकलणे हा गुन्हा आहे. अशी बेकायदा एक्स्चेंज केवळ महानगरांतच असतात, असेही नाही. शेजारच्या लातूरमध्ये जून २०१७ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने असेच एक प्रकरण उघडकीस आणले होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अनधिकृत सेवा देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘एक पेटी ठेवू द्या, दरमहा भाडे देतो’ असे सांगत कोणी आले तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

वीज गेल्यावर

शेवटची बाब विजेची. जुन्या तांब्याच्या तारेवरील फोनला लागणारी वीज एक्स्चेंजकडूनच मिळत असे. गावात अंधार असला तरी फोन चालू राही. फायबरचा मोडेम, राउटर, एक्स्चेंज आणि टेबलावरचा फोन या चौघांनाही जागेवर वीज लागते. या चौघांसाठी बॅटरीची सोय केली नाही तर वीजकपातीत यंत्रणा मुकी होते. शिवाय पत्ता स्थिर नसेल तर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर त्याला नवा सार्वजनिक पत्ता मिळतो. एक्स्चेंजमध्ये लिहिलेला जुना पत्ता खोटा ठरतो आणि काल चाललेला फोन आज पुन्हा एकतर्फी होतो. ‘लाइट गेल्यापासून बिघडला’ या तक्रारीत तथ्य असते ते असे. त्यावर स्थिर पत्ता घ्यावा किंवा बदलत्या पत्त्याला एक कायम नाव देणारी ‘डायनॅमिक डीएनएस’ सेवा वापरून एक्स्चेंजमध्ये आकड्याऐवजी ते नाव लिहावे.

इतके करूनही दवाखान्यात एक साधा मोबाइल, भरलेल्या बॅटरीसह, वेगळा ठेवावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली तर त्याचाच भरवसा धरावा. डेटा सेंटरमधून फिरून जाणाऱ्या फोनवरून रुग्ण कोठे आहे, हे पलीकडच्याला आपोआप कळेलच असे नाही.

यंत्रणा बसवून झाल्यावर तिची परीक्षा कशी घ्यावी? दवाखान्याच्या वायफायवर असलेल्या मोबाइलवरून ती घेऊ नये. तो देवडीच्या आतच असतो. वायफाय बंद करून बाहेरच्या जाळ्यावरून फोन लावावा, दोन्हीकडचे बोलणे ऐकू येते का ते पाहावे आणि एक मिनिटाहून अधिक वेळ बोलावे, म्हणजे ३२ सेकंदांचा टप्पा ओलांडला जाईल. नंतर दहा मिनिटे काहीही न करता थांबून बाहेरून पुन्हा फोन लावावा. मग राउटरची वीज घालवून, परत आणून, तोच प्रयोग करावा. या चार परीक्षांत उतरलेली यंत्रणा रात्री दोन वाजता येणाऱ्या फोनलाही बहुधा दगा देणार नाही. इंटरनेटचा वेग किती, हे विचारायला आपण सारे शिकलो आहोत. गावाकडे फोनची यंत्रणा पाठवताना ‘तुमचा पत्ता सार्वजनिक आहे का’ हा प्रश्नही त्याच सहजतेने विचारला गेला पाहिजे.